डेशूट्सवरचा एक दिवस, एक स्टीलहेड आणि हिसका न मारणारा हात

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोर्टलंडला येऊन दोन वर्षं झाली, लहानपणी कोकणात खाडीवर गरवायची सवय होती, आता फ्लाय फिशिंग (पीस-धाग्याच्या नकली माशीनं, म्हणजे फ्लायनं, गरवणं) शिकायचंय, स्टीलहेडबद्दल खूप ऐकलंय, तर तुमच्या लक्षात राहिलेला एखादा दिवस सांगा, त्यातून आम्ही काय शिकावं ते सांगा आणि बारा वर्षांच्या मुलाला सोबत नेलं तर चालेल का तेही सांगा.

दिवस सांगतो. 2013 सालचा सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातली डेशूट्स नदी. त्या दिवशी मला एकच मासा मिळाला. ह्याच नदीवर एका सकाळी तीन-तीन मासे लागलेत असे दिवसही आहेत, पण ते आता एकमेकांत मिसळून गेलेत, कुठला मासा कुठल्या वर्षीचा ते सांगता यायचं नाही. हा एक मात्र तासातासाला आठवतो.

आधी मासा कोणता ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. उटी-मुन्नारच्या थंड पाण्यात इंग्रजांनी आणून सोडला तोच, हिमाचलला फिरायला गेल्यावर ताटात ट्राउट म्हणून येतो तो पण बऱ्याचदा हाच असतो. फरक इतकाच की स्टीलहेड नदीत जन्मतो, एक-दोन-तीन वर्षं नदीत काढतो, मग पॅसिफिकमध्ये जातो, तिथं एक-दोन वर्षांत तयार होऊन परत आपल्या नदीत अंडी घालायला येतो. सॅमनसारखा अंडी घालून हमखास मरत नाही, काही मासे जगतात आणि समुद्रात परत जातात. डेशूट्समध्ये येतात ते उन्हाळी स्टीलहेड, म्हणजे जुलैपासून नदीत शिरायला लागतात आणि अंडी थेट पुढच्या वसंतात घालतात, मधले इतके महिने नदीतच. ह्या काळात ते फारसं खात नाहीत. तरी समोरून काहीतरी काळं, हलतं, तिरकं पोहत गेलं की एखादा मासा उठतो आणि तोंड मारतो. आपला सगळा खेळ त्या एका उठण्यावर.

डेशूट्स दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि कोलंबिया नदीला मिळते. नाव फ्रेंच, धबधब्यांची नदी असा अर्थ. पोर्टलंडहून आय-84 ने पूर्वेला शंभरेक मैल गेलं की मुख लागतं. कोलंबियाच्या खोल दरीतली, म्हणजे गॉर्जमधली हिरवी झाडी द डॅल्स गावाच्या आसपास संपते आणि एकदम कोरडं, पिवळं, गवताचं माळरान चालू होतं. आणि नदीच्या दोन्ही बाजूला काळ्या दगडाचे थरावर थर चढलेले कडे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गाडीतून उतरून तसाच उभा राहिलो, कारण हा आपला सह्याद्रीच, तोच बेसाल्ट, तसाच लाव्ह्याचा थर, तशाच पायऱ्या. वयानं आपला मोठा, साडेसहा कोटी वर्षांचा, हा दीड-पावणेदोन कोटींचा. घरापासून इतकं लांब येऊन नदीकाठी घरचा दगड दिसला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं आणि अजूनही दरवेळी वाटतं.

मासा इथपर्यंत येतो म्हणजे समुद्रापासून कोलंबियातून दोनशे मैल पोहून, बॉनव्हिल आणि द डॅल्स ही दोन धरणं माशांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवरून चढून येतो. मुखापासून जवळच सेलिलो धबधबा होता, हजारो वर्षं तिथं मूळच्या लोकांची मासेमारी चालायची, 1957 साली द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली तो गेला. वर डेशूट्समध्येच शेरार्स फॉल्स आहे, तिथं वॉर्म स्प्रिंग्सचे मूळ लोक अजूनही लाकडी मचाणावर उभं राहून लांब दांड्याच्या झेल्यानं मासे काढतात, जमलं तर एकदा नुसतं बघायला जा.

आता माझं. माझ्या मामाचं गाव देवगडकडे, खाडीकाठी. सुट्टीत रोज संध्याकाळी सुंगटं लावून तांबोशीला गरी टाकायची आणि मामा मागून ओरडायचा, "मासो टोचल्यान की हिसको मार!" बोटावर दोरी, टोचलं की हिसका, उशीर केला की आमिष गेलं. हे आठव्या-नवव्या वर्षी हातात बसलं ते बसलंच. तुम्ही पण कोकणात गरवलंय म्हणताय म्हणून हे मुद्दाम सांगतोय, कारण स्टीलहेडच्या बाबतीत हाच हात आपला घात करतो.

मी 2006 ला फ्लाय रॉड हातात घेतला. पहिली दोन वर्षं स्टीलहेडचा खवलाही दिसला नाही, हजार कास्टचा (फेकींचा) मासा म्हणतात तो उगीच नाही. तिसऱ्या वर्षी एका मोसमात सलग चार मासे लागले आणि चारही सुटले. चारही वेळा तेच, लाइन ताठ झाली, हातानं आपोआप हिसका मारला, एक क्षण वजन जाणवलं आणि मग काही नाही. चौथ्या वेळी मी काठावर बसून राहिलो, रडायचा बाकी होतो. तिथं खालच्या रनमध्ये, म्हणजे नदीच्या गरवायच्या पट्ट्यात, एक वयस्कर गृहस्थ होते, सत्तरीचे, त्यांनी सगळं बघितलं होतं. ते वर चालत आले, शेजारी बसले, आणि माझ्याकडून रॉड घेऊन दाखवलं की मासा कसा येतो. फ्लाय तिरकी पोहत असते, मासा मागून किंवा खालून वर येतो, ती तोंडात घेतो आणि वळून आपल्या जागेवर परत जायला लागतो. तुम्ही तो वळायच्या आधी हिसका मारलात तर फ्लाय उघड्या तोंडातून सरळ बाहेर. तो पूर्ण वळू दिलात तर लाइन त्याच्या बाजूनं ओढली जाते आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो, तुम्हाला काही करावंच लागत नाही. म्हणून रीलच्या (लाइन गुंडाळायच्या चाकाच्या) पुढे हातभर लाइनचा एक सैल फासा बोटाखाली धरायचा, मासा आला की तो सोडून द्यायचा, मग रील बोलायला लागतं, आणि ते बोलायला लागल्यावर, त्या आधी नाही, रॉड हळूच काठाच्या बाजूला वळवायचा. वर नाही, बाजूला.

ऐकायला एवढंसं. माझ्या हाताला ते शिकायला पाच वर्षं लागली.

तर 2013. मी एकटाच होतो. मुखाजवळ स्टेट रिक्रिएशन एरिया आहे, तिथं रात्री तंबू टाकला आणि पहाटे साडेचारला डोक्याला दिवा बांधून सायकलवर निघालो. पूर्व काठानं वर एक सपाट वाट जाते, ती जुन्या रेल्वेची. शंभर वर्षांपूर्वी दोन रेल्वे कंपन्यांनी चढाओढीनं ह्याच दरीत, एकीनं ह्या काठाला आणि दुसरीनं त्या काठाला, रूळ टाकायला घेतले होते. पश्चिमेच्या रुळांवरून आजही मालगाड्या जातात, पूर्वेचे रूळ उखडले आणि त्याची वाट झाली. त्या वाटेवर पाठीला रॉड, पिशवीत वेडर्स (पाण्यात उतरायचा, आत पाणी न येणारा पोशाख), असं पाचेक मैल वर गेलो. उन्हाळ्यात आणि सप्टेंबरमध्ये सुद्धा रॅटलस्नेक, म्हणजे विषारी साप असतात, त्यामुळे पाय कुठं पडतो ते बघायचं आणि खडकात हात घालायचा नाही.

मी पूर्वेचाच काठ का धरतो तर सकाळी सूर्य पूर्वेच्या कड्यामागून येतो, त्यामुळे ह्या काठाचं पाणी उशिरापर्यंत सावलीत राहतं. पाण्यावर ऊन पडलं की डेशूट्सचे मासे दबून बसतात, फ्लोटिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या लाइनवरच्या फ्लायला उठत नाहीत. म्हणजे सकाळी सावली असेपर्यंत आणि संध्याकाळी सावली आल्यावर, मधे दुपारभर झोप काढायची. नवीन माणूस उलट करतो, नऊला येतो आणि उन्हात सहा तास घाम गाळतो.

रन म्हणजे नदीचा असा पट्टा जिथं पाणी साधारण माणसाच्या चालण्याच्या वेगानं वाहतं, खोली कंबरेपासून डोक्याइतकी, तळाला फुटबॉलपासून टेबलाएवढे दगड. माझा हा रन शंभर-सव्वाशे यार्डांचा आहे, काठाला आल्डरची झाडं पाण्यावर वाकलेली. पाण्यात थर्मामीटर धरला, 58 फॅरनहाइट, म्हणजे चौदा सेल्सिअस, उत्तम. हे थर्मामीटरचं लक्षात ठेवा, पाणी 68 च्या, म्हणजे 20 सेल्सिअसच्या वर असेल तर स्टीलहेडला हात लावू नका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, दमलेला मासा सोडला तरी नंतर मरतो. त्या दिवशी मुकाट घरी जायचं.

सहा वाजता, अजून लाइन नीट दिसत नव्हती, मी वरच्या टोकाला गुडघाभर पाण्यात उतरलो. तेरा फुटी दोन हातांचा रॉड, सात वेट (रॉड किती वजनाची लाइन पेलतो त्याचा नंबर), फ्लोटिंग लाइन, दहा फूट लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक धागा) आणि त्याला चार नंबरची ग्रीन बट स्कंक. काळं अंग, चंदेरी तार, शेपटीजवळ हिरवा ठिपका, पांढरा पंख. इथली जुनी, खात्रीची फ्लाय. पद्धत एकदम साधी आहे. नदीला तिरकी, खालच्या बाजूला पंचेचाळीस अंशात फेकायची, लाइनला एक मेंड द्यायचा म्हणजे लाइनचं पोट उचलून वरच्या बाजूला टाकायचं, आणि मग काही नाही करायचं. पाणीच फ्लायला ओढत आपल्या काठापर्यंत आणतं. ती थेट खाली येऊन थांबली की दोन पावलं खाली सरकायचं आणि परत. फेक, मेंड, वाट बघ, दोन पावलं. असं सव्वाशे यार्ड. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं, पण एकदा लय लागली की तास कसा जातो कळत नाही.

सात वाजायला आले होते. अर्ध्याच्या जरा पुढे, पाण्याखाली एक मोठा दगड आहे, पाणी त्याच्यावरून जाताना पृष्ठभागावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत पट्टा होतो, फ्लाय त्या पट्ट्याच्या कडेला आली आणि पाणी फुगलं. उसळी नाही, आवाज नाही. आतून कोणीतरी मोठा तळहात वर ढकलावा तसा पाण्याला फुगवटा आला, मोडला, आणि खाली वाहून गेला. बोटातल्या फाशाला नखाएवढाही धक्का नाही. आणि माझा हात हलला नाही. मला ते नंतर कळलं, की पाणी फुगलं तेव्हा माझा हात जागच्या जागी होता. सात वर्षांत पहिल्यांदा.

असा मासा, जो आला पण घेतला नाही, त्याच्याशी काय करायचं ते नीट सांगतो कारण बहुतेक लोक इथंच घाई करतात. पहिलं म्हणजे पाय हलवायचे नाहीत. लाइनची लांबी बदलायची नाही, रीलमधून एक इंच पण काढायची किंवा गुंडाळायची नाही. काठावर आपल्या सरळ मागे काय आहे त्याची खूण धरायची, माझ्या मागे दुहेरी बुंध्याचं आल्डर होतं. मग घड्याळात दोन मिनिटं थांबायचं, त्याला परत जागेवर बसू द्यायचं. मग तीच कास्ट, तोच कोन, तोच मेंड. मी केलं. काही नाही. परत दोन मिनिटं. मग फ्लाय बदलायची, छोटी आणि काळी. माझ्याकडे मीच बांधलेली आठ नंबरची एक होती, नुसता काळा लोकरीचा धागा, दोन वेढे पीस आणि चार केस, आणखी काही नाही. नंबर वाढला की गळ लहान होतो हे लक्षात घ्या. ती टाकली आणि त्याच जागी दोन टोचे आले, टक टक, खाडीत काळुंदर टोचतं ना अगदी तसे. मामाचा आवाज कानात आला. मी श्वास धरला आणि हात तसाच ठेवला. लाइन परत मोकळी झाली.

मग मी दहा पावलं वर गेलो आणि सावकाश परत खाली आलो. तिसऱ्यांदा काही नाही. एवढ्यात समोरच्या कड्यावर ऊन उतरलं, पाण्यावर सरकत सरकत यायला लागलं, आणि साडेनऊच्या सुमाराला माझ्या दगडावर पोचलं. मी लाइन गुंडाळली. लीडर कापला नाही, ती आठ नंबर तशीच ठेवली, आणि आल्डरच्या बुंध्याला माझा रुमाल बांधला.

दुपार त्या झाडाखाली काढली. पोळी-भाजीचा रोल खाल्ला, झोपलो, पलीकडून मालगाडी गेली तिचे डबे मोजले, वरच्या उतारावर बिगहॉर्न मेंढ्या पाण्याला आल्या त्या बघितल्या. मधेच एक नाव खाली गेली. इथला एक नियम ह्या नदीला वेगळं करतो तो म्हणजे खालच्या डेशूट्सवर नावेतून मासेमारी करायला बंदी आहे, नाव फक्त जायला-यायला, गळ टाकायचा तर उतरून, पायावर उभं राहून. त्यामुळे मधल्या धारेतल्या माशांना थोडी उसंत मिळते. हा नियम मला फार योग्य वाटतो.

चारच्या पुढे वारा सुटला. डेशूट्सचा वारा म्हणजे गॉर्जमधून येऊन दरीत वर चढणारा, रोजचा. तुम्ही पूर्व काठावर असाल तर नदी तुमच्या उजव्या हाताला वाहते आणि वारा उजवीकडून डावीकडे येतो. अशा वेळी फेकण्याआधी मागे पडणारा लाइनचा लूप (वळसा) तुमच्या डाव्या खांद्याकडे, म्हणजे वरच्या बाजूला झाला पाहिजे, नाहीतर वारा फ्लायला थेट तुमच्या कानावर आणतो. म्हणून स्नॅप-टी किंवा सिंगल स्पे ह्या फेकायच्या पद्धती, आणि डावा हात वर धरून. हे घराजवळच्या शांत पाण्यावर आधी शंभर वेळा करा, नदीवर पहिल्यांदा करू नका. आणि टोपी-चष्मा न घालता रॉड उचलूच नका, हे मी हात जोडून सांगतो.

सहा वाजता पश्चिमेच्या कड्याची सावली नदी ओलांडून माझ्या काठाला लागली. मी वरून सुरुवात केली, सरळ दगडावर गेलो नाही. मन तिकडेच होतं, पण मुद्दाम वरून, दोन-दोन पावलं, कारण लय हातात बसल्याशिवाय त्याच्यासमोर जायचं नव्हतं. रुमालाच्या झाडासमोर पोचलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता, आकाश अजून उजळ होतं आणि वारा एकदम पडला, संध्याकाळी पडतो कधीकधी तसा. सेजब्रशच्या झुडपांचा तो कडवट औषधी वास खाली आला. मी कास्ट टाकली. फ्लाय गुळगुळीत पट्ट्याच्या कडेला आली, पट्ट्यात शिरली, आणि लाइन थांबली.

थांबली म्हणजे, धक्का नाही, नुसती वाहायची थांबली, जणू पानात अडकली. मग ती जड झाली. मग बोटाखालचा फासा हळूहळू, अगदी हळू, सरकायला लागला. मला त्याचा प्रत्येक इंच आठवतो. ओली लाइन बोटाच्या कातडीवरून जाताना बारीक खरखर होते ती. माझ्या हातानं काही केलं नाही. फासा संपला, रीलनं एकदा क्लिक केलं, दोनदा केलं, आणि मग एकदम ओरडलं आणि मी रॉड काठाकडे वळवला आणि तिकडे चाळीस यार्डांवर, जिथं फ्लाय नव्हतीच अशा ठिकाणी, एक मासा पूर्ण पाण्याबाहेर आला, आडवा, आणि पडला.

पुढचं मी लांबवत नाही. मोठी नदी आहे, सेकंदाला चार हजार घनफुटांच्या वर पाणी, मासा मधल्या धारेत शिरला की त्याच्या बाजूनं सगळी नदी ओढते. बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे रीलवर गुंडाळलेला जादा दोरा, दोनदा दिसलं. काठाला झाडं असल्यामुळे मला खाली पळता येत नव्हतं, म्हणून झाडांच्या बाहेरून कंबरभर पाण्यात काठी टेकत टेकत खाली सरकलो. पाण्यात पाय उचलायचा नाही, सरकवायचा, एक पाय घट्ट झाल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, मासा कितीही ओढू दे. दहा-बारा मिनिटांनी एका छोट्या रेतीच्या खोबणीत तो आला.

ती मादी होती. तीस इंचाच्या जवळपास, रॉडवरच्या खुणेनं मोजली. मी वाकून शेपटीच्या बुडाला हात घातला, तिथं मनगटाएवढी जाड आणि थंड. पाठ करडी-हिरवी, त्यावर बारीक काळे ठिपके, बाजूला अजून चंदेरी पण मधोमध गुलाबी रेघ उमटायला लागलेली, गालावर जास्त. पाठीवर शेपटीच्या अलीकडे ॲडिपोज नावाचा जो छोटा मांसल पंख असतो तो शाबूत, म्हणजे जंगली मासा. हॅचरीच्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या माशांचा तो पंख पिल्लू असतानाच कापलेला असतो, तो मासा तुम्ही नियमानुसार घरी नेऊ शकता. पंख असेल तर सोडायचाच. आठ नंबरची फ्लाय जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात, बरोब्बर बिजागरीत बसली होती, त्या आजोबांनी दाखवलं होतं तिथंच. उलटा काटा मी आधीच पकडीनं दाबून टाकलेला, त्यामुळे बोटानं मागे ढकलली आणि निघाली.

फोटो नाही काढला. तिला पाण्याबाहेर काढलंच नाही. डोकं वरच्या बाजूला, वाहत्या पाण्याकडे करून धरलं, कल्ले उघडत-मिटत होते, एक मिनिटभर, आणि मग तिनं शेपटीनं माझी मूठ उघडली. घट्ट धरलेली मूठ कोणी सहज उघडावी तशी. दोन हात लांब जाऊन एका दगडामागे थांबली, मला दिसत होती, आणि मग नव्हती.

सकाळची तीच का? जागा तीच, फ्लाय तीच. मी तिला तीच मानतो.

आता कामाचं थोडं. तुम्ही विचारलंत की ह्यातून काय घ्यावं, तर एक गोष्ट घरबसल्या करा. मुलाला लाइनचं टोक धरून अंगणात किंवा पार्किंगमध्ये उभं करा, तुम्ही फासा बोटाखाली धरून पाठ फिरवून उभे राहा, आणि त्याला वाटेल तेव्हा ओढू द्या. दहापैकी दहा वेळा फासा नुसता सुटला पाहिजे, हात हलता कामा नये. मी हे बायकोकडून करून घेतलं होतं, एक अख्खा हिवाळा. गरवलेल्या हाताला ह्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

सामानावर सुरुवातीला फार खर्च नका करू. बारा-तेरा फुटी सात वेटचा सेकंडहँड रॉड, त्याला जुळणारी स्कँडी किंवा छोटी स्कॅजिट लाइन (दोन्ही दोन हातांच्या रॉडच्या लाइन), लीडरसाठी दहा पौंडी मॅक्झिमा धागा, आणि काळ्या-जांभळ्या सहा-सात फ्लाय पुष्कळ झाल्या. पैसे घालायचे तर खिळ्यांच्या वेडिंग बुटांवर आणि काठीवर घाला, डेशूट्सचे दगड शेवाळलेले आणि गोल आहेत. लायसन्स आणि स्टीलहेडसाठीचं वेगळं टॅग दोन्ही लागतं, आणि जायच्या आदल्या रात्री ओरेगॉनच्या मत्स्य खात्याचे चालू नियम बघायचेच, कारण मोसमाच्या मधे सुद्धा बदलतात.

आणि बदलतात त्याला कारण आहे. 2009 मध्ये बॉनव्हिल धरणावरून सहा लाखांच्या आसपास स्टीलहेड मोजले गेले होते. 2021 मध्ये एक लाख पण भरले नाहीत, आणि त्या वर्षी डेशूट्सवर स्टीलहेडची मासेमारी बंद केली गेली. समुद्राचं तापलेलं पाणी, धरणांमागचं साचलेलं गरम पाणी, सगळं एकत्र येतं. मध्य कोलंबियाचे स्टीलहेड 1999 पासून धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहेत. म्हणून मी आता एका दिवसात एक जंगली मासा मिळाला की रॉडचे तुकडे सुटे करून ठेवून देतो, हा कायदा नाही, माझा नियम आहे, आणि तुम्ही पण सुरुवातीपासून पाळलात तर मला खूप आनंद होईल. त्या वर्षी बंदी होती तेव्हा काहीजण चिडले होते, मला ती बंदी पटली होती. मासे नसताना त्यांच्या मागे लागण्यात काय आहे.

मुलाचं. जरूर न्या, पण पहिल्याच फेरीला स्टीलहेडला नको. बारा वर्षांच्या पोराला तीन दिवस काही न लागणं फार होतं. जून-जुलैत मॉपिन गावाजवळ जा, तिथं नदीकाठानं गाडीरस्ता आहे, आणि डेशूट्सचे रेडसाइड ट्राउट, म्हणजे तिथेच राहणारे रेनबो, चांगले ताकदवान असतात, त्याला दिवसाला दोन-चार तरी लागतील आणि तिथं हिसका चालतो, उलट लागतोच. तेवढ्यात त्याला पाण्यात पाय सरकवायची सवय होईल. वेडर्सच्या कमरेला पट्टा घट्ट, अंगात लाइफ जॅकेट, आणि गुडघ्याच्या वर पाण्यात नाही, तुम्ही त्याच्या खालच्या बाजूला हाताच्या अंतरावर उभे. मग सप्टेंबरात एक दिवस मुखाजवळ घेऊन या, सायकली असल्या तर उत्तम. तो दुहेरी बुंध्याचा आल्डर अजून आहे. त्याच्या समोरच्या पाण्यात त्याला पहिली कास्ट टाकू द्या, मी मागे काठावर बसून बघेन.